सूर्याजीराव आणि अर्थिंगचा खड्डा

सूर्याजीराव भोईट्यांना राग येतो, असं म्हणणं चुकीचं आहे. राग त्यांच्याकडे कायमचा मुक्कामाला असतो. सकाळी बिर्ला नगरातल्या घरासमोर स्कूटरला किक मारताना तो असतो, दुपारी कुणाच्या तरी जिन्याखालचा बोर्ड उघडताना वाढतो, आणि संध्याकाळी चहा पिताना बशीवर आपटला जातो. वय त्रेसष्ट, उंची बेताची, खिशाला टेस्टर आणि कपाळाला आठ्या. ग्वाल्हेरात घरातली वायरिंग करणारे शेकड्यांनी मिळतील. घरमालकाला तोंडावर "तुम्ही खुनी आहात" म्हणणारे हे एकच.

लोकांना वाटतं, त्यांच्या घरी कुणी तरी करंट लागून गेलं असणार, म्हणून हा माणूस असा झाला. मलाही तसंच वाटायचं. एकदा मी त्यांच्या बायकोला, सुलोचनाबाईंना, विचारलंच. त्या हसल्या. "अहो, आमच्याकडे कोण मरणार करंटनं? दर महिन्याला घर तपासतात ते. मला स्वयंपाक थांबवून बाहेर बसावं लागतं." म्हणजे रागामागे काही गोष्ट नाही, जुनं दुःख नाही. त्यांना त्यांचं काम येतं आणि ज्यांना ते येत नाही ती माणसं रोज त्यांना अक्कल शिकवतात. राग यायला एवढं पुरतं. मी पंचवीस वर्षं शाळेत शिकवते आहे, मला हे कळायला हरकत नव्हती.

आयटीआय करून ते गिरणीत लागले. तिथे एका यंत्राच्या सांगाड्याला अर्थिंगची तार नीट लागलेली नसली तर फोरमन अख्खं खातं बंद ठेवायचा. लोखंडाला चुकून करंट आलाच तर त्याला जमिनीत जायला सोपी वाट हवी, नाही तर तो माणसाच्या अंगातून वाट काढतो, हे वयाच्या विसाव्या वर्षी त्यांच्या हाडांत मुरलं. मग गिरणी बंद पडली. सूर्याजीराव लोकांच्या घरांत शिरले आणि पाहतात तर इथे निराळाच कायदा.

इथला उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला हा कायदा सांगायला नको. पत्र्याचा कूलर, आत पाणी, पाण्यात पंप, बाहेर पंचेचाळीस डिग्री. कूलरला करंट येतो हे आमच्याकडे पोर चालायला लागलं की शिकवतात. "नंगे पैर मत छूना." चप्पल घाल, मग हात लाव. तो करंट येऊ नये म्हणून काही करायचं असतं, हे कुणी कुणाला शिकवत नाही. अख्ख्या शहराने मिळून ठरवून टाकलं आहे की कूलर चावतोच, कुत्र्यासारखा, आपण जपून राहायचं. सूर्याजीरावांचा राग या एका चपलेवर आहे. "दो पट्टी की चप्पल," ते म्हणतात, "हे तुमचं सेफ्टी डिव्हाइस!"

आमच्या हरिशंकरपुरमच्या घरी ते आले फेब्रुवारीत. जुना लाकडी मेनबोर्ड एका सकाळी धुरकटला, म्हणून. त्यांनी तो उचकटून फेकला आणि भिंतीत लोखंडी डबा बसवला. डीबी म्हणतात त्याला. प्रत्येक खोलीचं वेगळं स्विच, आणि सगळ्यांच्या अलीकडे एक रुंद स्विच, ज्याला ते प्रेमाने "पहारेकरी" म्हणत. त्यांनी प्रेमाने उच्चारलेला हा एकच शब्द मी ऐकला आहे. करंट कुठेही गळायला लागला की हा पहारेकरी डोळ्याचं पातं लवायच्या आत घर बंद करतो.

"पण डबा लोखंडी आहे," ते म्हणाले, "तर याला अर्थिंग पक्कं लागेल. बाहेर पार्किंगमध्ये खड्डा घेऊन तांब्याची पट्टी खोल पुरावी लागेल."

माझा नवरा सुश्रुत कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. हे मुद्दाम सांगते आहे. तो म्हणाला, "अर्थिंग आहे की. बाबांनी घर बांधलं तेव्हापासून पाण्याच्या पाइपला बांधलेलं आहे."

"पाइपला बांधायचं नाही, असं नियमात लिहिलंय, प्रोफेसरसाहेब."

"तीस वर्षांत काही झालं नाही."

खरी गोष्ट वेगळी होती. पार्किंगमध्ये आम्ही दिवाळीला नव्या टाइल्स लावल्या होत्या, करड्या, चकचकीत. त्या फोडायला सुश्रुत तयार नव्हता. "होळीनंतर बघू," तो म्हणाला. सूर्याजीरावांनी विश्वास ठेवला आणि डबा जोडून दिला. ही त्यांची चूक. ते आजही स्वतःला त्यावरून शिव्या देतात. "खड्डा आधी, डबा नंतर. चाळीस वर्षांत एकदा उलटं केलं, तेही शिकलेल्या माणसावर भरोसा ठेवून."

होळी झाली. खड्ड्याचं नाव कुणी काढलं नाही. एप्रिलमध्ये मागच्या खिडकीला कूलर बसला आणि घरातले दिवे जायला लागले. कूलरचं पाणी ओसंडलं की खट्, पहारेकरी पडला. दिवसातून चारदा. वर एक दिवस माझी मुलगी उन्नती स्विच उचलून डब्याचं दार लावायला गेली तर दारच तिला चावलं. ती किंचाळत आली, "मम्मी, ये डब्बा ही करंट मार रहा है!"

सुश्रुतने फोन उचलला आणि सूर्याजीरावांना ऐकवलं, की लोखंडी डबा लावून तुम्ही आमच्या जिवावर उठला आहात, प्लास्टिकचा आणून लावा.

ते अर्ध्या तासात आले. टेस्टर डब्याला लावला, लाल उजेड. फ्रिजला लावला, लाल. गिझरला, लाल. मग डब्यातून निघालेली अर्थिंगची तार हाताने चाचपत चाचपत ते न्हाणीघराच्या मागे गेले आणि तिथून त्यांनी आम्हाला सगळ्यांना हाक मारली. ती हाक गल्लीने ऐकली.

तार लोखंडी पाइपला घट्ट बांधलेली होती. पाइप वीतभर लांब होता. त्याच्या पुढे दोन्ही बाजूंना पांढरा शुभ्र प्लास्टिकचा पाइप. दिवाळीला टाइल्सबरोबर आम्ही नळही नवे केले होते. प्लंबरने जुने पाइप काढले आणि तार लटकू नये म्हणून बिचाऱ्याने तेवढा तुकडा भिंतीत ठेवून दिला.

"हे तुमचं अर्थिंग," सूर्याजीराव म्हणाले. "वीतभर लोखंड, हवेत. कूलरचा पंप खराब आहे, तो पत्र्याला करंट देतोय. तो करंट या तारेवर येतो, जमिनीत जायला बघतो, पुढे प्लास्टिक. मग तो उलटा फिरतो आणि तुमच्या सगळ्या घराच्या लोखंडात जाऊन बसतो. डब्यात दोष नाही. डबा ओरडून सांगतोय तुम्हाला. प्लास्टिकचा डबा लावाल तर ओरडणं बंद होईल, करंट तसाच राहील."

सुश्रुतने वाकून तो पांढरा पाइप पाहिला. त्याला समजलं होतं, मला दिसत होतं. वर्गात हेच तो फळ्यावर काढून दाखवतो.

त्याच वेळी माझ्या सासूबाई, अनसूयाबाई, मागच्या बोळातून आल्या. वय एकोणऐंशी. आमच्या घराची मागची भिंत आणि कंपाउंड यांच्यात दोन हातांचा बोळ आहे, कूलर त्यातच बाहेर आलेला. बोळाच्या टोकाला तगर आणि जास्वंद. आई रोज न्हाऊन, सोवळं नेसून, ओलेत्या, अनवाणी तिथून फुलं आणायला जातात. सोवळ्यात चप्पल कशी घालणार? आणि बोळ अरुंद, गुडघे दुखरे, म्हणून जाताना आधाराला हात ठेवतात. कूलरवर.

सूर्याजीरावांनी त्यांच्या ओल्या पावलांकडे पाहिलं. मग कूलरकडे. मग जो प्रश्न घरातल्या तीन शिकलेल्या माणसांनी कधी विचारला नव्हता तो त्यांनी विचारला.

"काकू, हाताला कधी काही होतं का?"

"होतं ना," आई म्हणाल्या. "झिणझिण्या येतात. मागच्या उन्हाळ्यातही यायच्या. पावसाळ्यात कमी झाल्या. डॉक्टर म्हणाले नसा कमजोर आहेत. मंजिरी देते ना मला गोळ्या."

मंजिरी म्हणजे मी. रोज सकाळी, न चुकता, पाण्याच्या पेल्यासकट देत होते.

सूर्याजीरावांचा चेहरा मी विसरणार नाही. "गोळ्या?" ते म्हणाले. "कूलर बिघडलाय आणि गोळ्या म्हातारीला? मागच्या साली पाइप लोखंडी होता म्हणून नुसत्या झिणझिण्यांवर भागलं. या साली फक्त तो पहारेकरी आहे मधे. तो नसता तर काकू आज नसत्या. समजलं का, प्रोफेसरसाहेब?"

त्यांनी कूलरची वायर काढून गुंडाळून ठेवली आणि सांगितलं, खड्डा होईपर्यंत कूलर लावायचा नाही, पहारेकऱ्याला हात लावायचा नाही. खड्डा उद्या खणतो. सुश्रुत म्हणाला, उद्या नको, परवा घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे, पार्किंगमध्ये मांडव घालायचा आहे, त्यानंतर. "हर चीज का टाइम होता है, सूर्याजीराव."

"मरायचा नसतो," ते म्हणाले आणि गेले.

आता माझं सांगते. हळदीकुंकवाला चाळीस बायका येणार, खोलीत गौर मांडलेली, बाहेर चव्वेचाळीस डिग्री आणि कूलर बंद. मला लाज वाटली. काय म्हणतील दाना ओली मोहल्ल्यातल्या आत्या? मी बाजारातल्या दुकानातून एका इलेक्ट्रिशियनला बोलावलं, उत्कर्ष नावाचा, टापटीप मुलगा. त्याने डबा उघडला, म्हणाला, "आंटी, ये वाला बहुत सेंसिटिव होता है, डायरेक्ट कर देता हूँ." मी म्हटलं, कर. दहा मिनिटांत त्याने पहारेकऱ्याच्या दोन्ही बाजू वायरने जोडून टाकल्या, म्हणजे करंट आता त्याला वगळून जाणार. कूलर लागला. सुश्रुतने पाहिलं, आणि कूलरसमोर खुर्ची ओढून बसला. मी आईंना तेवढं सांगितलं, "कूलरला हात लावू नका हं." त्यांना हो म्हणायची सवय आहे, आणि गुडघ्यांना कूलर धरायची. हे मला माहीत होतं.

हळदीकुंकू सुरू झालं. आंब्याची डाळ, पन्हं, कलिंगडाच्या फोडी. आई विधवा, म्हणून त्या आमच्यात बसत नाहीत. त्या आत ओल्या सोवळ्यात गौरीच्या नैवेद्याचं पाहत होत्या. या नियमाबद्दलही मला कधी तरी राग यायला हवा होता. सगळ्या रागाचं काम आपण सूर्याजीरावांवर सोपवून बसलो आहोत.

सुलोचनाबाईंना मी बोलावलं होतं. सूर्याजीराव त्यांना स्कूटरवरून गेटपाशी सोडायला आले. सोडून गेले असते. पण त्यांना आवाज ऐकू आला. चाळीस बायकांच्या बोलण्यातून त्या माणसाला कूलरची घरघर ऐकू आली.

ते सरळ आत आले. बायकांच्या मधून. कुणी पदर सावरला, कुणी "अगबाई" म्हटलं. डब्याचं दार उघडून त्यांनी एक नजर टाकली आणि माझ्याकडे वळले.

"काकू कुठे आहेत?"

"आत... नाही, आरास करायला फुलं कमी पडली म्हणून..."

मी वाक्य पुरं केलं नाही. ते बाहेरून वळसा घालून धावले, त्रेसष्ट वर्षांचा माणूस, नव्या टाइल्सवर घसरत. मीही धावले. बोळाच्या तोंडाशी आई होत्या. हातात परडी, सोवळ्यातून पाणी ठिबकत होतं, पायाखाली कूलरचं ओसंडलेलं पाणी. डावा हात उचललेला, पत्र्यापासून वीतभर.

"काकू, हात खाली!"

तो आवाज माणसाला उद्देशून काढायचा आवाज नव्हता. गिरणीत पट्ट्यात कुणी अडकताना काढत असतील तसा होता. आई दचकल्या, परडी पडली, हात खाली आला. सूर्याजीरावांनी त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. सोवळं मोडलं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तोवर बायका मागच्या दारात जमल्या होत्या. सुश्रुतही आला. "काय तमाशा आहे हा?" तो म्हणाला.

सूर्याजीरावांनी स्कूटरच्या डिकीतून होल्डरमध्ये बसवलेला एक साधा बल्ब आणला. त्याच्या दोन लांब वायरी. एक वायर त्यांनी अंगणातल्या बोरिंगच्या लोखंडी पाइपला बांधली. "हा पाइप शंभर फूट जमिनीत आहे. म्हणजे ही जमीन." दुसरी वायर काठीला अडकवून त्यांनी कूलरच्या पत्र्याला टेकवली.

बल्ब लागला. भर उन्हात पिवळा दिसत होता.

"या बल्बच्या जागी काकू होत्या," ते म्हणाले.

मला वाटलं, आता सगळ्यांना कळलं. तेवढ्यात आत्या म्हणाल्या, "अहो, एवढा तर आमच्याही कूलरला येतो." दुसरी म्हणाली, "आमच्या तर फ्रिजलाही. मी चप्पल घालते बाई." तिसरी हसली. चार जणींनी माना डोलावल्या, सुटल्यासारख्या. म्हणजे काही विशेष नाही, सगळ्यांकडेच येतं.

माझ्या अंगाची आग झाली. त्यांच्यावर, आणि स्वतःवर जास्त. सूर्याजीराव मात्र ओरडले नाहीत. ते मीटरपाशी गेले, खालचा चिनी मातीचा फ्यूज उपटला आणि खिशात घातला. कूलर घरघरून थांबला. आत इन्व्हर्टरवर पंखे तेवढे मंद फिरत राहिले.

"फ्यूज द्या," सुश्रुत म्हणाला.

"खड्डा झाला की."

"पोलिसांना बोलावीन मी. माझं घर आहे हे."

"बोलवा. येतील तर त्यांनाही हा बल्ब दाखवतो. मी पार्किंगमध्ये बसलोय." आणि ते खरंच जाऊन मांडवाखाली पायरीवर बसले. सुलोचनाबाई हातातली ओटी सांभाळत त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

सुश्रुतने फोन काढला. खरंच काढला. टाइल्स फुटू नयेत म्हणून माझा नवरा त्याच्या आईला वाचवणाऱ्या माणसावर पोलीस बोलावत होता, आणि चाळीस बायका पन्ह्याचे पेले हातात धरून बघत होत्या.

तेव्हा आई पुढे आल्या. तशाच, ओल्या. बागेच्या कोपऱ्यात माळ्याची पहार भिंतीला टेकून होती. ती त्यांना उचलवेना. त्यांनी ती फरफटत आणली, मांडवाच्या खांबापाशी उभी केली आणि दोन्ही हातांनी उचलून खाली सोडली. टाइलचा फक्त टवका उडाला. त्यांनी पुन्हा उचलली. या वेळी टाइल तडकली, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत.

"आई, काय करताय!" सुश्रुत ओरडला.

"खड्डा."

"अहो, मी करून घेणार होतो. पुढच्या आठवड्यात."

आईंना धाप लागली होती. त्या मोठ्याने बोलत नाहीत, कधीच बोलल्या नाहीत. पण त्या दिवशी गेटपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.

"मी आत्ता बोळात मेले असते, सुश्रुत, तर तुम्ही सगळ्यांनी काय म्हटलं असतं? वय झालं होतं, म्हटलं असतं. फुलं तोडताना गेली, पुण्यवान होती. आणि तेराव्याला हाच कूलर लावून जेवला असता."

सूर्याजीराव उठले. त्यांनी आईंच्या हातातून पहार घेतली, अगदी हळू, आणि फुटलेल्या टाइलचे तुकडे पायाने बाजूला सारले. सुश्रुतकडे न बघता म्हणाले, "घमेलं आणा." तो गेला. आणलंन्.

कुणी आईंना म्हणालं नाही की असं कसं बोलता, आम्ही असं कशाला म्हणू. म्हणायला तोंडच नव्हतं. कारण आम्ही अगदी हेच म्हटलं असतं. शब्दाला शब्द. आणि सगळ्यांच्या आधी मी म्हटलं असतं.